नऊ फुटी फळी

आमच्या घरात येणारी प्रत्येक वस्तू आधी वाजायची आणि मगच आत यायची. माझे वडील, अण्णा, हैदराबादला काचीगुड्याच्या स्टेशनात गाड्या तपासायच्या कामावर होते. गाडी फलाटाला लागली की लांब दांड्याची हातोडी घेऊन ते डब्यांच्या कडेने वाकत वाकत जायचे, प्रत्येक चाकाला एक टोला द्यायचे आणि मान जराशी कलती करून आवाज ऐकायचे. चाक धड असलं तर खणखणीत वाजतं, तडा गेला असला तर बसकं. धड डब्यावर ते खडूने 'फिट' लिहायचे. बिघडलेल्यावर 'सिक', म्हणजे आजारी, आणि मग तो डबा गाडीतून काढून बाजूच्या रुळावर नेऊन उभा करायचे. पंचवीस वर्षं हे काम केलेला माणूस घरी आल्यावर हात आवरून बसेल अशी अपेक्षाच चूक. कलिंगड, माठ, नारळ, स्टीलचे डबे, शेजाऱ्यांनी आणलेला नवा मिक्सर, सगळ्यांवर अण्णांच्या बोटाचं पेर टकटक करून जायचं आणि निकाल लागायचा. आई म्हणायची, "मला बघायला आले तेव्हा सोबत मामंजी होते, म्हणून माझं डोकं वाचलं."

क्वार्टर दोन खोल्यांचं. पुढे ओटा, मागे न्हाणी आणि एक पेरूचं झाड. रूळ इतके जवळ, की शंटिंग करताना डबे एकमेकांवर आदळले की मांडणीतले कप किणकिणायचे, आणि आई भाकरी थापता थापता कोपराने मांडणी धरून ठेवायची. तिला ते आपण करतो आहोत हेही कळत नसे. पुढे कितीतरी वर्षांनी ती माझ्याकडे राहायला आली, तेव्हा रूळ दोन कोसांवर होते, तरी मोठा आवाज झाला की तिचं कोपर उचललं जायचं. आई परभणीकडची. ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी आणि शेंगदाण्याची चटणी ती माहेरून घेऊन आली होती आणि खट्टी दाल शेजारणीकडून शिकली होती. उन्हाळा लागला की एका बरणीत आमचं लोणचं आणि दुसरीत तेलुगू पद्धतीचं आवकाय, मोहरीच्या पिठात बुडालेलं, लालभडक. जेवताना दोन्ही बरण्या मधोमध असायच्या आणि अण्णा त्याही वाजवायचे, किती शिल्लक आहे ते कळायला.

त्या वर्षांत सगळं एकदम बदलायला लागलं होतं. गल्लीत केबल आली. आबिडच्या दुकानांत परदेशी रंगांचे डबे दिसायला लागले, आणि ज्यांच्याकडे कालपर्यंत सायकल होती त्यांची मुलं कॉम्प्युटरच्या गोष्टी करायला लागली. मीही पदवी झाल्यावर नारायणगुड्याला एका क्लासात कॉम्प्युटर शिकत होते. अण्णांना ते शिकणं चालायचं, पण भरतकाम चालावं तसं. त्यांच्या मते नोकरी म्हणजे रेल्वेची. "पास, पेन्शन, क्वार्टर," ते तीन बोटं दाखवून म्हणायचे. रेल्वेच्या परीक्षेचा अभ्यास नीट व्हावा म्हणून त्यांनी गौलीगुड्याच्या जुन्या सामानाच्या बाजारात चार रविवार घालवले, डझनभर टेबलं वाजवली आणि त्यातलं एक लांबलचक सागवानी टेबल हातगाडीवर घालून घरी आणलं. स्वतः घासून त्याला पॉलिश केलं. आमच्या घरातली ती सगळ्यात देखणी वस्तू होती आणि मला तिच्याकडे बघवत नसे. कारण त्याच टेबलाच्या खणात एक पत्र पडून होतं. विशाखापट्टणमच्या बंदरातल्या एका खासगी शिपिंग एजंटाने मला कॉम्प्युटरच्या कामावर घ्यायची तयारी दाखवली होती आणि होकार जूनच्या मध्यापर्यंत कळवायचा होता. मला ती नोकरी हवी होती, फार हवी होती. अण्णांनी पत्र दोनदा वाचलं आणि परत घडी घालून ठेवलं. "कंपनीचं काय गं, आज पाटी आहे, उद्या काढून नेतील," एवढंच म्हणाले.

विशाखापट्टणम मला परकं नव्हतं. माझे मामाही रेल्वेत, त्यांची बदली तिकडची. दर उन्हाळ्यात पासावर आम्ही तिकडे जायचो. मी काचीगुड्याच्या जवळच्या तलावावर बायकांच्या वेळेत पोहायला शिकले होते, त्यामुळे समुद्रात गळ्यापर्यंत जायची मला परवानगी होती. त्या वर्षी शेजारच्या केबलवर मी एका बाईला पाण्यावर उभं राहिलेलं पाहिलं. पायाखाली एक फळी, मागे लाट, आणि ती अशी निवांत, जणू ओट्यावर उभी राहून भाजीवाल्याची वाट बघते आहे. मी जेवायची थांबले. माझ्या हातातला घास आईने तोंडात घालायला लावला तेव्हा कुठे शुद्धीवर आले. आपण काय बघितलं हे मला कुणाला सांगताच येईना.

आणि मग योग असा, की मी तारनाक्याला ज्या घरी दोन मुलांना हिंदी शिकवायला जात होते, त्या घराच्या मागच्या व्हरांड्यात अशा दोन फळ्या भिंतीला टेकून उभ्या होत्या. घर मार्गरेटबाईंचं. त्या ऑस्ट्रेलियाच्या, नवरा विद्यापीठात मातीवर संशोधन करायला दोन वर्षांसाठी आलेला. हैदराबाद दक्षिणेत आणि दक्षिणेला तिन्ही बाजूंनी समुद्र, एवढाच विचार करून बाईंनी फळ्या जहाजाने मागवल्या होत्या. इथे येऊन बघतात तो दगड आणि तलाव. त्या स्वतःवरच हसायच्या. माझी नजर कुठे जाते ते त्यांनी ओळखलं आणि एक दिवस हिंदीचा तास संपल्यावर अंगणात सतरंजी अंथरून मला पालथं झोपवलं. हात छातीजवळ, एका झटक्यात उठायचं, पाय आडवे रोवायचे, गुडघे वाकवायचे, नजर समोर. ओढणी कमरेला खोचून मी तारनाक्याच्या हिरवळीवर महिनाभर उठत-पडत राहिले. मुलं हसून हसून लोळायची. मे महिन्यात त्यांचं परत जायचं ठरलं तेव्हा बाई म्हणाल्या, "सुमन, दोन्ही काही मी परत नेत नाही. एक तुझी. कुठली ते तू ठरव. वडिलांनाही आण, न्यायला मदत होईल."

बसमध्ये अण्णा माझ्या शेजारी बसले होते. विद्यापीठाची झाडं लागली तेव्हा ते म्हणाले, "सुमे, आज मी नुसता बघायला यायलोय. निवडायचं तू. नोकरी आपली आपण निवडते म्हणायलीस ना? आधी फळी निवड. धड निवडलीस तर नोकरीचं बोलू." ते चिडून म्हणाले नाहीत, हे मला नक्की आठवतं. खरं सांगायचं तर त्यांनी मला एक दार उघडून दिलं होतं.

व्हरांड्यात दोन्ही फळ्या झोपवून ठेवल्या होत्या. एक लांब, रुंद, जाडजूड, ऊन खाऊन पिवळी पडलेली, कडेला दोन ठिकाणी डागडुजी केलेली. दुसरी लहान, टोकदार, पांढरीशुभ्र, तिच्यावर लाल पट्टा. केबलवरच्या बाईच्या पायाखाली अशीच होती. मार्गरेटबाई म्हणाल्या, "लहान माझ्या नवऱ्याची. तो दहा वर्षांचा असल्यापासून समुद्रात आहे. शिकायचं तर मोठी घे. मोठी उचलून धरते." मला त्यांचं बोलणं स्वच्छ कळलं होतं. इंग्रजी अवघड नव्हतं, सांगणंही अवघड नव्हतं. महिनाभर हिरवळीवर आपटून मला हेही कळलं होतं, की मला रुंद जागा लागते. पण लहान फळी सुंदर होती आणि मोठी आमच्या बोळातल्या बंद पडलेल्या फ्रीजसारखी दिसत होती. एकीकडे डोळे, एकीकडे अक्कल, आणि मी जे आयुष्यभर करत आले होते तेच केलं. मागे वळून म्हटलं, "अण्णा, तुम्ही एकदा वाजवून बघा ना."

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. मग उकिडवे बसले. लहान फळीवर पेर वाजवलं, कडक, नीट आवाज आला. मोठीवर वाजवलं, तर धप. डागडुजीच्या जागी तर आणखीच बसका. खिशातून टेप काढून त्यांनी दोन्ही मोजल्या. आमच्या घराण्यात लांबीचं माप म्हणजे बर्थ. कपाट असो, सतरंजी असो, नवरामुलगा असो, बर्थवर मावतो का हा पहिला प्रश्न. "ही लहान वरच्या बर्थवर मावते, वर चार बोटं शिल्लक. ती नऊ फुटी आहे, कुठंच मावत नाही. आवाजही गेलेला आहे," अण्णा म्हणाले. आणि सवयीने, अगदी सवयीनेच, खिशातला खडू काढून त्यांनी मोठ्या फळीवर इंग्रजीत 'सिक' लिहिलं. मार्गरेटबाईंनी ते वाचलं. त्यांनी त्या फळीवरून फक्त एकदा हात फिरवला, दुखणेकऱ्याच्या पाठीवरून फिरवतात तसा. मला इतकी लाज वाटली की मी नीट निरोपही घेतला नाही. त्यांनी दिलेली पायाला बांधायची दोरी आणि नारळाच्या वासाची एक वडी घेऊन मी खाली मान घालून निघाले. वडी फळीवर घासायची असं त्या मागून सांगत होत्या.

रिक्षात लहान फळी आमच्या दोघांच्या मांडीवर आडवी होती आणि दोन्ही बाजूंनी बाहेर आली होती. काचीगुडा जवळ आल्यावर अण्णा म्हणाले, "परीक्षेचा फॉर्म आणून ठेवलाय. या आठवड्यात भरून टाक." आवाज मऊ होता. मी हो म्हटलं. निवडायची वेळ आली तेव्हा मी त्यांच्याकडे वळले होते आणि ते आम्हा दोघांनाही कळलं होतं.

घरी आल्यावर आईने फळीवर हात फिरवला आणि तोंड वाकडं केलं. "शी! किती चिकट. बाईच्या घरी पुसायला कुणी नव्हतं का?" दुसऱ्या दिवशी मी क्लासाहून येईपर्यंत तिने कढत पाण्यात सोडा घालून, काथ्याने, फळी लखलखीत घासून काढली होती. वर, तडकू नये म्हणून, खोबरेल तेलाचा हात फिरवला होता. वडी तिने साबणदाणीत ठेवली होती आणि तक्रार करत होती की या साबणाला वास आहे पण फेस नाही. तो चिकटपणा म्हणजे त्या वडीचंच मेण होतं, आणि पाय घसरू नये म्हणून मुद्दाम लावलेलं होतं, हे मी तिला सांगायला विसरले. खरं तर मी स्वतःच विसरले होते. अजूनही नवं घर, नवी गाडी, नवी सून, काहीही बघितलं की मला ती तेल लावलेली फळी आठवते आणि मी हात मागे घेते.

आई आणि मी विशाखापट्टणमच्या गाडीत बसलो. फळी चादरीत गुंडाळून वरच्या बर्थवर, चार बोटं शिल्लक ठेवून झोपली होती. तिकीट तपासनीस आला, आमचे पास बघितले, वर बघितलं आणि म्हणाला, "अम्मा, ऊपर सोएसो इनका पास?" आईने दशमीचा डबा उघडत सांगितलं, "सोने दो जी, बहुत थक गई बिचारी." तो मान डोलावून पुढे गेला. मी चादरीत तोंड खुपसून हसत होते. तेव्हा मला वाटलं, सगळं छान होणार आहे.

मामांच्या घरून ऋषिकोंड्याच्या किनाऱ्याला जाणारी बस होती. आई छत्री, पाण्याची बाटली आणि जपाची माळ घेऊन वाळूत बसायची आणि मी कुर्ता-सलवारीवर पाण्यात शिरायची. पहिल्या दिवशी फळीवर पोट टेकलं आणि फळी माझ्यासकट बुडाली. तळाला नाही गेली, पण वीतभर आत, रुसल्यासारखी. लाट आली की ती मासोळीसारखी सुळकन निसटायची आणि मी दुसऱ्या बाजूला. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी नाकातोंडात वाळू, हनुवटीला खरचटलेलं. चौथ्या दिवशी गुडघ्यावर यायला गेले, तर आईच्या तेलाने असा इंगा दाखवला की मी पाठीवर आपटले. किनाऱ्यावर एक म्हातारा कोळी, नूकराजू, जाळं विणत बसलेला असायचा. तोंडात विझलेली विडी. त्याची तेप्पा शेजारीच ओढून ठेवलेली. तेप्पा म्हणजे जाड ओंडके दोरीने बांधून केलेली होडी, रुंद, बेढब, आणि तिच्यावर उभा राहून तो रोज पहाटे लाटा फोडून आत जायचा. त्याने मला चार दिवस बघितलं. पाचव्या दिवशी उठून आला, माझी फळी उचलली, हातावर तोलून बघितली आणि तेलुगूत म्हणाला, "चिन्नदि मुनुगुतुंदि अम्मा. पेद्ददि मोस्तुंदि." लहान बुडते, मोठी वाहून नेते. मार्गरेटबाई जे इंग्रजीत म्हणाल्या होत्या तेच.

मी वाळूत बसून रडले. आईला वाटलं हनुवटी दुखते आहे. हनुवटी नव्हती दुखत. ज्या गोष्टीला मी तेव्हाच ऐकून, शिवाय स्वतः ओळखूनही हो म्हणू शकले नव्हते ती गोष्ट मला दुखत होती, आणि हैदराबादला त्या टेबलावर माझा भरलेला फॉर्म पडला होता. फक्त सही राहिली होती.

संध्याकाळी मामांनी त्यांच्या ऑफिसातून रेल्वेच्या फोनवर काचीगुडा जोडून दिलं. मागे गाडीची शिटी, कुणीतरी ओरडतंय, आणि मग अण्णा.

"सुमे? काय झालं? आई बरी आहे ना?"

"बरी आहे. अण्णा, फळी चुकली."

"चुकली म्हणजे? आवाज तर चांगला होता."

"आवाज चांगलाच आहे. मला उचलत नाही. मला मोठी हवीय."

खरखरीतून ते म्हणाले, "लहान निवडली कुणी?"

तुम्ही, असं अगदी ओठांवर आलं होतं. मामा माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, "मोठी घ्यायची हे मला तेव्हाच कळलं होतं. तरी तुम्हाला विचारलं. चूक माझी. पण आता मी निवडते आहे. मोठी."

"ती नऊ फुटी आहे. बर्थवर मावत नाही."

"ब्रेकव्हॅनमध्ये मावते," मी म्हटलं. गाडीच्या टोकाला सामानाचा डबा असतो, त्यात पेट्या, सायकली, कोंबड्यांच्या टोपल्या, सगळं मावतं. रेल्वेवाल्याच्या मुलीला हे आठवायला सहा दिवस लागावेत!

"हं," अण्णा म्हणाले आणि फोन ठेवला. त्या 'हं'चा अर्थ लावण्यात मी पुढचे चार दिवस घालवले. आई म्हणाली, "येतील बघ, येतील. हं म्हणजे सिक नव्हे." मामी रोज पप्पू, म्हणजे तिकडचं घट्ट वरण, आणि भात वाढायची, वर आवकायची फोड, आणि मला एकही घास तिखट लागत नव्हता.

पाचव्या दिवशी सकाळी मामांसोबत स्टेशनात गेले. गाडी लागली. अण्णा पुढच्या डब्यातून उतरले आणि आमच्याकडे न बघता थेट शेवटच्या डब्याकडे चालत गेले, जाता जाता एका चाकाकडे वाकून बघत. सामानाच्या डब्याचं दार सरकलं. दोन हमालांनी गोधड्यांत बांधलेली एक लांबलचक वस्तू बाहेर काढली. हमाल विचारत होता, आत कुणाची मूर्ती आहे. मी धावत गेले आणि अण्णांच्या आधी तिलाच मिठी मारली. अण्णा म्हणाले, "आम्हीही आलोय बरं का."

फळी कशी मिळाली ते त्यांनी ऋषिकोंड्याच्या वाळूत बसून सांगितलं. ते तारनाक्याला गेले तेव्हा मार्गरेटबाईंचं घर बंद झालेलं. फळी बघायला मागे गेले तर व्हरांडा रिकामा. परत फिरले, आणि कोपऱ्यावर करीमभाई इस्त्रीवाल्याच्या गाड्याशेजारी ती दिसली. चार विटांच्या थप्प्यांवर आडवी टाकलेली, वर घोंगडी आणि पांढरी चादर, आणि करीमभाई तिच्यावर कोळशाची इस्त्री फिरवत होता. अण्णांनी फळी मागितली. करीमभाईने कानाला हात लावले. "अजी साब, ये नक्को पूछो. मेमसाब जाते जाते दे को गए. पूरी शेरवानी बिछ जाती इसपे, एक सल नहीं पड़ता. ऐसा टेबल पूरे शहर में नहीं मिलता." अण्णांनी समजावलं, विनवलं. शेवटी करीमभाई म्हणाला, "इससे अच्छा टेबल ला को देओ, ले जाओ."

"मग?" आईने विचारलं. "कुठनं आणलं टेबल?"

अण्णा वाळूवर बोटाने रेघा ओढत होते. "घरी होतं की एक. सागवानी," ते म्हणाले. "हातगाडीवर घालून नेलं. करीमभाईने वाजवून बघितलं हो! खूश झाला. खणातले कागद मी काढून घेतलेत."

त्या टेबलासाठी त्यांनी चार रविवार घालवले होते. ते टेबल दिलं म्हणजे काय दिलं हे आम्हा तिघांनाही माहीत होतं, आणि आईने तर पदर डोळ्यांना लावून वारा फार आहे असं जाहीर केलं.

गोधड्यांतून फळी सोडली. तिच्या मधोमध इस्त्रीचा डाग पडला होता, तपकिरी, टोकदार, इस्त्रीच्याच आकाराचा. करीमभाई कधीतरी इस्त्री विसरला असावा. डागाच्या वर अण्णांचा खडू, अर्धा पुसलेला. साबणदाणीतली ती वडी आईने नाखुशीने का होईना सोबत आणली होती. अण्णांनी ती हातात घेतली, वास घेतला, आणि मग भिंतीला रंग द्यावा तशी डागापासून टोकापर्यंत घासली. नूकराजू जाळं सोडून आला आणि फळीकडे बघून नुसता "अवुनु" म्हणाला. बरोबर. मग तो माझ्यासोबत कमरेइतक्या पाण्यात आला आणि फळीचं शेपूट धरून उभा राहिला. फळीवर मी पालथी पडले आणि पहिल्यांदा माझ्याखाली पाणी थांबलं. ती बुडाली नाही. इतकी रुंद, इतकी शांत, की मला अंगणातली सतरंजी आठवली. नूकराजूने मागे बघितलं, लाटा मोजल्या, दोन सोडल्या आणि तिसरीला ढकललं. हात छातीजवळ, झटका, पाय आडवे. पुढचा पाय नेमका इस्त्रीच्या डागावर पडला. मी उभी राहिले.

किती वेळ? आई म्हणायची, तिचे जपाचे सात मणी झाले. तिने मणी पटापट ओढले असणार. पण मी उभी होते, फेसाचा आवाज चारी बाजूंनी, आणि समोर वाळूवर छत्रीखाली दोन माणसं उठून उभी राहिलेली. मग पडले, अर्थातच. पाण्यातून वर आले तेव्हा मोठ्याने ओरडत होते, काय ते मला आठवत नाही.

फळी ओढत काठावर आले. अण्णांनी खिशातून पत्र काढलं, टेबलाच्या खणातलं, शिपिंग एजंटाचं. त्याच्याखाली परीक्षेचा फॉर्मही होता, बिनसहीचा. दोन्ही गुडघ्यावर ठेवून, उडू नयेत म्हणून त्यांनी तळहाताने दाबून धरली.

"सुमे, चाकाचा आवाज मला कळतो," ते म्हणाले. "तिथं मी चुकत नाही. हे नवं जे काय यायलंय, कंपन्या, कॉम्प्युटर, ह्याच्यावर मी टकटक करून बघतो, पण मला आवाजच ओळखू येत नाही बघ. फळीलाही मी चाकासारखंच वाजवलं. तुला येतो का ओळखू?"

"येतो," मी म्हटलं. या वेळी मी त्यांच्याकडे वळून विचारलं नाही.

"नक्की?"

"नक्की, अण्णा."

त्यांनी शर्टाच्या खिशातला खडू काढला आणि माझ्या ओल्या तळहातावर ठेवला. एवढ्या वर्षांत तो खडू मी त्यांच्याशिवाय कुणाच्या हातात पाहिला नव्हता. "मग तू लिही," ते म्हणाले.

फळी ओली, हात ओले. मी गुडघे टेकून इस्त्रीच्या डागाशेजारी दाबून लिहिलं, 'फिट'. पुढच्याच लाटेने ते पुसून नेलं, पण तोवर अण्णांनी मान कलती करून वाचलं होतं.